पंखा, चार फिल्टर आणि एक पुठ्ठा: वणव्याच्या धुरासाठी कोर्सी-रोझेन्थल खोका

वृद्धनिवासातली सामाईक खोली माझ्याकडे असते. वणव्याचा धूर पसरला की दम्याचे आणि हृदयविकाराचे रहिवासी इथेच येऊन बसतात, म्हणून इथली हवा स्वच्छ राहणं ही माझ्यासाठी जिवाभावाची गोष्ट आहे. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी २०२० मध्ये करोनाच्या काळात सुचवलेला हा खोका आम्ही घरीच बांधला. चार बाजूंना मर्व्ह-१३ फिल्टर (मर्व्ह हे फिल्टर किती बारीक कण अडवतो हे सांगणारं मोजमाप), खाली पुठ्ठा, वर चौकोनी पंखा आणि सगळं डक्ट टेपने बंद.

मर्व्ह-१३ म्हणजे हेपा नव्हे. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतं. मर्व्ह-१३ कडून ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांसाठी किमान ५० टक्क्यांची अपेक्षा असते. तरीही खोका कमी पडत नाही, कारण चार फिल्टरमधून भरपूर हवा ओढली जाते आणि तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते. खोका सुरू केला की टेबलावरच्या मीटरवरचा पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांचा आकडा डोळ्यांदेखत उतरायला लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम आहे, त्यामुळे तो आकडा किती खाली आला हे मी बघतेच.

बांधणीत दोन गोष्टींना सवलत नाही. फिल्टरवरचा हवेची दिशा दाखवणारा बाण आतल्या बाजूला हवा. आणि पंख्याच्या तोंडावर गोल भोकाचा पुठ्ठा बसवायचाच. तो नसेल तर पंख्याच्या कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते आणि मेहनत अर्धी वाया जाते. टेपच्या जोडांवरून हात फिरवून बघा, फट असेल तर लगेच कळते.

तक्रारी आहेतच. वरच्या वेगावर इतका आवाज होतो की कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलणं अवघड जातं, म्हणून आम्ही मधल्या वेगावर ठेवतो. धुराचा वास जात नाही, कारण वायू या फिल्टरमध्ये अडकत नाहीत. आणि फिल्टर काळे दिसेपर्यंत थांबणं धोक्याचं आहे. मर्व्ह-१३ चा बराचसा जोर त्याच्या धाग्यांवरच्या विद्युतभारात असतो आणि धूर तो भार आधी मारतो. हवा जोरात येते, पण कण सुटत राहतात. दाट धुराच्या काळात मी वेळापत्रक बाजूला ठेवून मीटरकडे बघते. आकडा पूर्वीसारखा उतरेनासा झाला की फिल्टर बदलायचे.

सगळ्यात मोठी मर्यादा उन्हाळ्यात दिसते. खोका हवा गाळतो, थंड करत नाही. धुरासाठी खिडक्या लावल्या की खोली तापते, आणि ज्येष्ठांना घाम कमी येतो, तहान उशिरा लागते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातलं पाणी आणखी झपाट्याने कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तापमान ४० अंशांवर गेलं की पंखा शरीराला उलट तापवतो. म्हणून मीटरशेजारी मी थर्मामीटर ठेवते. खोली सहन होईनाशी झाली तर खोक्याच्या भरवशावर कोणालाही बसवून ठेवत नाही, एसी असलेल्या जागी हलवते. एसीही आतलीच हवा फिरवणारा हवा, बाहेरची ओढणारा नको. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, तर आधी रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी घालून वारा घालायचा.

पाहुणे मधूनच अगरबत्ती लावायला येतात, ते मात्र बंद केलं आहे. ओझोन सोडणारी यंत्रंही दारातूनच परत पाठवते, कारण ओझोन दमेकऱ्यांच्या फुप्फुसांना झोंबतो.

तयार हेपा यंत्र परवडत असेल आणि त्याचा स्वच्छ हवेचा दर, म्हणजे ठरावीक वेळात ते किती स्वच्छ हवा देतं, खोलीला पुरेसा असेल, तर तेच घ्या, आवाजही कमी. मोठ्या खोलीत बरेच जण एकत्र बसवायचे असतील आणि हाताशी माणसं असतील, तर मी हा खोका बेलाशक सुचवेन. फिल्टरचा एक जादा संच मात्र धुराच्या आधी घेऊन ठेवा. धूर आल्यावर तो बाजारात मिळत नाही.