विद्यानगरच्या काकूंची मेस (कराडला नंबर लागलेल्यांनी नक्की वाचा)

इंजिनीअरिंग ॲडमिशनचे कॅप राऊंड सुरू झाले की दरवर्षी माझ्या ओळखीतलं कोणतरी विचारतंच, कराडला नंबर लागलाय, गाव कसंय, राहायचं कुठं, जेवणाचं काय. चार वर्षं इथं काढली, पुढच्या महिन्यात रूम सोडणार, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. रिव्ह्यू मेसचा आहे पण गावाबद्दल पण बोलावंच लागेल कारण दोन्ही वेगळं करता येत नाही.

मी परभणीची. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं होतं कॉलेज म्हणजे गावात असणार, पण तसं नाही, कराड शहर कृष्णेच्या त्या बाजूला आणि विद्यानगर पूल ओलांडून या बाजूला. गव्हर्नमेंट इंजिनीअरिंग कॉलेज (१९६० चं आहे), पॉलिटेक्निक, गाडगे महाराज कॉलेज सगळं आसपासच, म्हणजे सकाळी नऊला रस्त्यावर बघाल तर पाठीवर सॅक नाही असा माणूस शोधावा लागतो. रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला, ते पण आपल्याच बाजूला. (ओगलेवाडी म्हणजे तेच, जिथं प्रभाकर कंदील बनायचे, आमच्या आजीकडं अजून एक आहे.) शहरातून यायला वडाप (म्हणजे शेअरिंगची गाडी) आहे, पण रात्री उशीर झाला की मिळत नाही, तेव्हा पिक्चर बघायला गेलात तर परत यायचं आधी ठरवून ठेवा.

आता मेस. बोर्ड नाही. बंगल्याच्या खालच्या हॉलमधे चार टेबलं, सोळा जणी एकावेळी बसतात, बाकीच्या जिन्यावर थांबतात. दोन टाईम जेवण, महिन्याला २,९०० घेतात (माझ्या पहिल्या वर्षी २,४०० होते). चपाती, एक सुकी भाजी, एक आमटी किंवा उसळ, भात, आणि शेंगदाण्याची चटणी कायम टेबलावर. चपात्या अनलिमिटेड, भाजी दोनदा. रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी, त्यामुळं रविवारी रात्री अख्खं विद्यानगर अख्खा मसूर आणि रोटी खायला बाहेर पडतं. अख्खा मसूर मी इथं येईपर्यंत कधी खाल्ला नव्हता, आता घरी गेल्यावर त्याचीच आठवण येते.

आधी मी दुसरीकडं जेवायचे, नाव नाही घेत. त्यांनी तीन महिन्यांचे ॲडव्हान्स घेतले आणि दीड महिन्यात मेस बंद केली, फोन उचलणं पण बंद. आम्ही अकरा जणी होतो, कुणालाच पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हा एका महिन्यापेक्षा जास्त ॲडव्हान्स कुणालाच देऊ नका, काकूंना पण नाही, त्या मागत पण नाहीत.

काकूंचं एक सांगते. परीक्षा सुरू झाल्या की त्यांच्याकडं आमच्यापेक्षा नीट टाईमटेबल असतं. वाढताना विचारतात "कितवा पेपर गं, सकाळचा का दुपारचा?" आणि दुपारचा म्हटलं की भात अर्धाच वाढणार, "झोप येती, संध्याकाळी ये, मग खा पायजे तेवढा." माझा एम थ्री (मॅथ्सचा तिसरा पेपर) राहिला होता, एका मार्कानं, तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या वेळी त्या पेपरच्या सकाळी माझ्या आधी मेस उघडून बसल्या होत्या, साडेसहाला. मी अजून विसरले नाही.

आता खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापणं. याच्यावरून सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून डिटेल लिहिते. सलग तीन दिवस जेवणार नसाल तरच खाडा धरतात आणि आदल्या रात्री सांगावं लागतं. सेकंड इयरला मी शनिवार-रविवार गावाला गेले, पैसे कट करा म्हटलं, त्या नाही म्हणाल्या, मला लय राग आला होता, मेस बदलायची असं पण ठरवलेलं. मग थर्ड इयरनंतर प्रोजेक्टसाठी मे-जूनमधे इथंच थांबले. तेव्हा हे गाव पहिल्यांदा कळलं. परीक्षा संपून आठ दिवसात विद्यानगर रिकामं, झेरॉक्सवाला दुपारी शटर ओढून घरी, चहाची टपरी बंद, रूमच्या गेटवर टू-लेटचे कागद. मेसमधे आम्ही पाच जणी. एका रात्री भांडी आवरताना काकूंनी वही दाखवली, प्रत्येकीचं नाव, दुपारची टिक निळी, रात्रीची लाल, आणि मागच्या पानावर हॉलचं भाडं बारा महिने, गॅसच्या टाक्या, पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशींचे पगार. जेवणाऱ्या मात्र साडेआठ-नऊ महिनेच. "मावशींना मे महिन्यात काय सांगू, पोरी गेल्या म्हणून येऊ नका?" असं म्हणाल्या. त्या मावशी शेजारच्याच गावातून येतात. पाच जणींसाठी पण रोज ताजं केलं त्यांनी, एक दिवस बंद नाही. त्यानंतर मी खाड्यावरून कधी बोलले नाही. मला तो नियम बरोबर वाटतो.

कमी काय तर दुपारी एक ते दीड जाऊच नका, उभं राहावं लागतं. रात्री नऊनंतर चपात्या गार. वांगं आठवड्यातून दोनदा असतंच आणि पावसाळ्यात, कोयनेतून पाणी सोडलं आणि भाज्या महागल्या की, कडधान्यावर कडधान्य चालू. तिखट आहे, विदर्भ-मराठवाड्याच्या पोरींना चालेल, बाकीच्यांनी आधी दोन दिवस खाऊन बघा, दोन दिवस त्या पैसे घेत नाहीत.

गावात करमतं का, हे पण विचारतात. मॉल वगैरे डोक्यात असेल तर नाही करमणार. पण संध्याकाळी प्रीतिसंगमावर जाऊन बसा, कृष्णा आणि कोयना एकदम समोरासमोर येऊन भिडतात, असा संगम मी दुसरीकडं बघितला नाही, तिथंच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, भेळ घ्यायची आणि अंधार पडेपर्यंत बसायचं. सुट्टीच्या दिवशी आगाशिवच्या डोंगरावर लेणी बघायला जातो आम्ही, पहाटे निघालात तर ऊन लागत नाही. खाशाबा जाधव इथल्याच गोळेश्वरचे, १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळवलं ते, त्यामुळं कुस्तीचा विषय काढला तर वडापवाला पण थांबून बोलतो.

माझ्याकडून मेसला साडेचार स्टार, अर्धा गार चपात्यांचा कापला. ॲडमिशन झाल्या झाल्या जाऊन नाव घाला, ऑगस्टनंतर जागा नसते. आणि रात्री भाकरी पाहिजे असेल तर सकाळी दहाच्या आत मावशींना सांगा, ज्वारीची असते, एका वेळी दोनच मिळतात.