एलियाहूच्या दोन गोष्टी: मुलांना आधी कुठली सांगावी?

कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायली, मलिद्याच्या (गोड पोह्यांच्या नैवेद्याच्या) वेळी ज्याचं नाव घेतात, तो संदेष्टा एलियाहू हन्नाबी ज्यू लोककथांत वेश पालटून गावोगाव फिरतो. एका कथेत तो गरिबाला म्हणतो, मला गुलाम म्हणून विक. मग रातोरात महाल उभारून मोकळा होतो. लहानग्यांना हीच सांगा.

दुसरी ११व्या शतकात ट्युनिशियातल्या कैरवानच्या रब्बी (ज्यू धर्मगुरू) निस्सीम यांनी लिहून ठेवली. एलियाहूसोबत निघालेले रब्बी यहोशुआ चक्रावतात: पाहुणचार करणाऱ्या गरिबाची एकुलती गाय मरते, कंजूष श्रीमंताची पडकी भिंत मात्र उभी राहते! कारण शेवटी कळतं. मरण गृहिणीचं होतं, ते गायीवर गेलं. भिंतीखालचा खजिना कंजुषाला सापडू द्यायचा नव्हता. दहा-बारा वर्षांची मुलं यावर हमखास वाद घालतील. घालू द्या. मला हीच जास्त प्रिय.