डिस्क धडधाकट होती. ‘मेली’ हे मी ऐकून घेतले

संगणकाच्या डिस्कवरील विभागणी चुकून मोडणे आणि डिस्क बिघडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मला ठाऊक नव्हता, आणि त्या अज्ञानाची किंमत मी एका दुरुस्ती करणाऱ्याला रोख मोजली. माझ्यासारखीच चूक करून काळ्या पडद्यासमोर बसलेल्या कोणाला उपयोग होईल, म्हणून घडले ते क्रमाने लिहीत आहे.

सी ड्राइव्हमध्ये जागा कमी पडू लागली होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिले तर सी ड्राइव्हच्या अलीकडे १०० एमबीचे, अक्षर नसलेले एक पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग) दिसले. ते मला जुन्या इन्स्टॉलेशनचा उरलासुरला कचरा वाटले. तेथून ते पुसता येईना, तेव्हा डिस्कपार्ट हे आज्ञा टाइप करून विभागणी बदलण्याचे विंडोजचे साधन उघडून, संरक्षण डावलणारा ‘ओव्हरराइड’ हा शब्द जोडून ते उडवले. १०० एमबीने काय साधणार होते, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. शिवाय सी ड्राइव्ह वाढवायचा तर मोकळी जागा त्याच्या लगेच पलीकडे लागते, अलीकडची चालत नाही, हेही मला माहीत नव्हते. संगणक पुन्हा सुरू केला तेव्हा बूट करण्याजोगे उपकरण सापडत नाही, असा एका ओळीचा संदेश आला.

मी उडवले होते ते ईएफआय सिस्टिम पार्टिशन. संगणकाचे यूईएफआय फर्मवेअर, म्हणजे चालू करताच सर्वांत आधी चालणारा अंगभूत प्रोग्राम, विंडोज सुरू करणारी छोटी फाइल फॅट३२ या साठवण-पद्धतीच्या याच पार्टिशनमध्ये शोधते. ते गेले की दार दिसेनासे होते, पण घर जागच्या जागी असते. पार्टिशन पुसले म्हणजे त्याची नोंद तेवढी पार्टिशन टेबलमधून, म्हणजे डिस्कवरील विभागांच्या यादीतून, जाते. शेजारच्या सी ड्राइव्हमधील एकही फाइल त्यामुळे हलत नाही. हे सारे मी नंतर वाचले. त्या रात्री माझ्या डोक्यात एवढेच होते की आपण स्वतःच्या हाताने कित्येक वर्षांचे काम घालवले. अशा अपराधी मनःस्थितीत माणूस समोरच्याला प्रश्न विचारत नाही, आणि फसवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.

शोधात जाहिरातींमध्ये सर्वांत वर आलेल्या क्रमांकावर मी फोन केला. तपासणी विनामूल्य असल्याचे सांगून एक गृहस्थ आले, पाच मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि पुढील तपासणी कार्यशाळेतच होईल असे म्हणून डिस्क काढून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. डिस्कचे हेड (तबकडीवरून डेटा वाचणारा भाग) निकामी झाले आहे, धूळमुक्त खोलीत ती उघडावी लागेल, आणि जितका उशीर होईल तितका डेटा कमी हाती लागेल, असे त्यांनी सांगितले. माझी डिस्क एम.२ प्रकारची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपांवर डेटा साठवणारी छोटी पट्टी होती. तिच्यात हेड नसते, फिरणारी तबकडी नसते, उघडून दुरुस्त करावे असे हलणारे काहीच नसते. हे मला एरवी समजले असते, परंतु ‘डेटा कमी हाती लागेल’ या शब्दांनंतर मी पुढचे काही ऐकलेच नाही. डेटा परत मिळवण्याचे शुल्क आणि नव्या डिस्कची किंमत मिळून नव्या संगणकाच्या निम्म्या किमतीइतकी रक्कम मी त्याच दिवशी भरली.

संगणक परत आला तो नव्या डिस्कवर नवे विंडोज घालून, आणि माझ्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये. त्या पाहून आनंद झाला, पण दोन-तीन दिवसांनी एक गोष्ट खटकू लागली. बिघडलेल्या डिस्कवरून फाइली ओरबाडून काढाव्या लागतात तेव्हा त्यांची नावे आणि फोल्डरांची रचना बहुधा टिकत नाही. माझ्याकडे मात्र प्रत्येक नाव, प्रत्येक तारीख, अगदी अर्धवट उतरवलेल्या फाइलींचे तुकडेसुद्धा जागच्या जागी होते. एवढ्याने काही सिद्ध होत नव्हते, म्हणून मी क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम चालवून नव्या डिस्कच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या वापराची आणि प्रकृतीची ठेवते ती माहिती, पाहिली. ‘पॉवर ऑन अवर्स’समोर ९,४१२ हा आकडा होता. नवीकोरी म्हणून दिलेली डिस्क त्याआधी सुमारे ३९२ दिवसांइतका वेळ कोठेतरी चालून आली होती.

मग मी जुनी डिस्क परत मागितली. नादुरुस्त डिस्का नष्ट कराव्या लागतात, असे उत्तर मिळाले. सुदैवाने काही महिन्यांपूर्वी रॅम वाढवताना मी संगणकाच्या आतील भागाचे छायाचित्र काढले होते आणि त्यात डिस्कवरील सीरियल क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. ते छायाचित्र पाठवून, हीच डिस्क हवी आहे, असे लेखी कळवल्यावर दोन दिवसांत ‘नष्ट झालेली’ डिस्क पाकिटात घालून माझ्याकडे आली.

यूएसबी केसमध्ये बसवून ती दुसऱ्या संगणकाला जोडली, तर सी ड्राइव्ह तत्काळ उघडला. स्मार्टमध्ये डेटाच्या त्रुटी शून्य होत्या आणि डिस्कच्या आयुष्यापैकी वापरलेला भाग ४ टक्के होता. ती मूळ जागी बसवून मी विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांडची खिडकी उघडली, डिस्कपार्टने त्याच मोकळ्या १०० एमबीत नवे ईएफआय पार्टिशन बनवले, ते फॅट३२मध्ये फॉरमॅट करून त्याला तात्पुरते अक्षर दिले आणि बीसीडीबूट या आज्ञेने विंडोजच्या फोल्डरमधून बूटच्या फाइली तेथे उतरवल्या. (त्या खिडकीत ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, म्हणून विंडोजचे फोल्डर नेमके कोणत्या अक्षराखाली आहे ते आधी पाहावे, आणि फॉरमॅट करताना निवडलेले पार्टिशन दोनदा तपासावे, कारण तेथे झालेली चूक खरोखरच महागात पडते.) पेनड्राइव्ह तयार करण्याचा वेळ सोडला तर हे वीस मिनिटांचे काम होते. माझे जुने डेस्कटॉप जसेच्या तसे समोर आले.

मी हे त्या गृहस्थांना कळवले तेव्हा, आमच्या प्रक्रियेमुळेच डिस्क जिवंत झाली, असे ते म्हणाले. परंतु डिस्क परत आली तेव्हा मी मोडलेली जागा तशीच रिकामी होती. त्यांनी तिच्यावर काहीही केले नव्हते. ती जोडून फाइली उतरवून घेतल्या होत्या, इतकेच. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसल्याने माझी सर्व कागदपत्रे आणि ब्राउझरमध्ये साठवलेले लॉगिन इतके दिवस त्यांच्या हाती होते, हे लक्षात आल्यावर सगळे पासवर्ड बदलण्यात एक अख्खा दिवस गेला.

डिस्क बिघडली आहे की नाही, याचा पहिला अंदाज घरीच येतो. यूईएफआयच्या सेटिंगमध्ये डिस्कचे नाव आणि क्षमता बरोबर दिसत असेल, तर दोष विभागणीत किंवा बूटच्या फाइलींत असण्याची शक्यता बरीच आहे. नाव दिसतच नसेल, किंवा तबकडीची डिस्क टकटक आवाज करत असेल, तर मात्र ती चालू ठेवू नये आणि जाणकाराकडेच न्यावी. कोणाच्याही हाती देण्याआधी सीरियल क्रमांकाचे छायाचित्र काढावे, आपण नेमके काय पुसले ते न लाजता सांगावे, आणि डिस्क गेली असे कोणी म्हटले तर स्मार्टचा अहवाल मागावा. मी आधी लाजलो, ‘आपोआप बंद पडला’ असे सांगितले, आणि त्यांना हवी ती गोष्ट रचायला मोकळे रान दिले.

बरीच पत्रे लिहिल्यावर वापरलेल्या डिस्कचे पैसे परत मिळाले, कारण पावतीवर ‘नवी’ असे लिहिले होते. डेटाच्या शुल्कासमोर फक्त ‘सेवा’ हा शब्द होता. ते पैसे आलेले नाहीत.