घरच्या विमानाला एओए इंडिकेटर: दोरा, पातं की नळी?

ज्याला घरी विमान बांधता येतं, त्याला अँगल ऑफ अटॅक (एओए, म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन) दाखवणारं यंत्र बांधणं जड नाही. घोडं अडतं ते कुठल्या पद्धतीचं बांधायचं इथे. पुण्यात सुटे भाग मिळण्याची अडचण फारशी नाही. सेन्सर आणि बोर्ड बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत शोधा नाहीतर घरबसल्या मागवा, आणि लेथचं काम भोसरीतला कुठलाही चांगला टर्नर करून देईल. विदेशी तयार संच शेकडो डॉलरला पडतो आणि वर आयातीचा खर्च, म्हणून इथे फक्त स्वतः करण्याजोग्या पर्यायांचं बोलतो.

वेग दाखवणारा एअरस्पीड इंडिकेटर असताना हे कशाला, असं विचारणारे असतात. पंख स्टॉल होतो, म्हणजे त्याची उचल एकाएकी ढासळते, ती कोनामुळे, वेगामुळे नाही. नेहमीच्या पंखात हा कोन साधारण 15-16 अंशांचा. सरळ उड्डाणात 45 नॉटला स्टॉल होणारं विमान उंची राखून 45 अंशांच्या वळणात 53-54 नॉटला स्टॉल होतं आणि 60 अंशांच्या वळणात जवळपास 64 नॉटला. वेगाच्या डायलवरची, सुरक्षित वेग दाखवणारी हिरवी पट्टी मात्र जागची हलत नाही. त्यात पुण्याचा उन्हाळा. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,940 फुटांवर आहे, पण एप्रिलच्या दुपारी 40 अंश तापमानात पंखाला तिथली हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. डायलवर तोच आकडा असताना खरा वेग आठेक टक्के जास्त असतो. फायनलला, म्हणजे धावपट्टीकडच्या शेवटच्या सरळ टप्प्याला वळताना जमीन नेहमीपेक्षा जोरात पळताना दिसते आणि हात नकळत नाक वर ओढतो. एओए या कशालाच फसत नाही.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे सेसना 172 वर असतो तसा पिपाणीचा हॉर्न. पंखाच्या पुढच्या कडेला भोक, आत पिपाणी. स्टॉल जवळ आला की भोकापाशी शोषण होतं आणि ती वाजते. वीज नको, कोड नको. पण ही फक्त शेवटची हाक आहे. अप्रोचला, म्हणजे उतरायला येताना, आपण स्टॉलपर्यंत किती राखीव ठेवून येतोय, हे ती सांगत नाही. तेवढंच पुरेसं वाटत असेल तर बाकीचं वाचायची गरज नाही.

दोरा. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला गेला असाल तर कॅनॉपीवर, म्हणजे कॉकपिटच्या काचेच्या झाकणावर मधोमध चिकटवलेला लोकरीचा धागा पाहिला असेल. तो विमान आडवं घसरतंय का ते दाखवतो. तसाच धागा कॅनॉपीच्या बाजूला लावला आणि काचेवर खुणा केल्या की एओए मिळतो. काही ग्लायडरवाले वापरतातही. इंजिन मागे असलेल्या पुशर विमानात हे बिनधास्त करा. पुढे प्रोपेलर असेल तर विसरा, कारण त्या वाऱ्यात धागा पंखाचं नाही, प्रोपेलरचं ऐकतो.

पातं म्हणजे वेन. वाऱ्याच्या दिशेने वळणारं छोटं पातं, त्याच्या अक्षावर चुंबक आणि समोर चुंबकाचं फिरणं मोजणारा एएस 5600 हा सेन्सर. फेरीचे 4,096 भाग करतो, म्हणजे अंशाच्या दहाव्या भागाहूनही बारीक, आणि किंमत काही शे रुपये. एक बारकावा: चुंबकाचे ध्रुव चकतीच्या व्यासावर समोरासमोर हवेत. बाजारातल्या साध्या चकतीचे ध्रुव वरखाली असतात, ती फिरवली तरी सेन्सर ढिम्म. पात्याला पुढे वजन लावून तोलही साधावा लागतो. अक्ष आडवा धरून पातं कुठल्याही कोनात सोडलं तर तिथेच थांबलं पाहिजे, नाहीतर वळणात जी-भार (जाणवणारं वजन) वाढला की आकडा खोटा पडतो.

पात्याचा मोठा गुण म्हणजे ते थेट अंश दाखवतं. मात्र पंखाच्या पुढची हवा पंखाकडे येता येताच वर उचलली जाते, त्यामुळे दांड्यावरचं पातं खऱ्यापेक्षा जास्त कोन सांगतं. म्हणून कॅलिब्रेशन, म्हणजे आकडे प्रत्यक्षाशी जुळवून घेणं, इथेही टळत नाही. आणि हँगरमध्ये कुणाचा तरी खांदा लागून ते वाकणार, हे धरूनच चाला. 2018 आणि 2019 मधल्या बोइंग 737 मॅक्सच्या अपघातांत चुकीचा आकडा देणारा सेन्सर याच जातीचा होता. घात झाला तो त्या एकाच सेन्सरच्या भरवशावर संगणक नाक खाली दाबत राहिला म्हणून. आपल्या यंत्राने फक्त दाखवावं. ट्रिम, ऑटोपायलट यांच्याशी त्याची तार जोडायची नाही.

नळी, म्हणजे दाबावर चालणारा प्रोब. माझं मत इकडे झुकतं. पंखाखाली, प्रोपेलरच्या वाऱ्याबाहेर एक प्रोब. टोकाला दोन उतार, एका उतारावरचं भोक पुढे-वर बघतं, दुसऱ्याचं पुढे-खाली. दोन्हींतल्या दाबाचा फरक मोजायचा. साध्या रूपात हा फरक थेट डायलवर घेतात आणि त्याला लिफ्ट रिझर्व्ह इंडिकेटर म्हणतात. डायल कुठला? औषध कारखान्यांत हवेच्या फिल्टरवर लावलेला असतो तो मॅग्नेहेलिक, 0 ते 3 इंच पाण्याच्या दाबाचा. तो अर्धा किलोचा आणि चार इंची आहे. पॅनलवर जागा नसेल तर त्याचा धाकटा भाऊ मिनिहेलिक घ्या.

खरी गंमत प्रोबच्या कलात आहे. नाक खाली करून तो असा बसवायचा की स्टॉलच्या कोनाला हवा दोन्ही भोकांवर सारखीच यावी. मग तिथे फरक शून्य होतो, आणि शून्याला कितीही दाबाने गुणलं तरी शून्यच. म्हणून वजन, वळण, उंची काहीही असो, स्टॉलची खूण हलत नाही. मधल्या खुणा मात्र वेगाबरोबर सरकतात: तीव्र वळणात काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त राखीव दाखवतो.

हे खटकत असेल तर इलेक्ट्रॉनिक रूप. तिसरं भोक टोकाला समोर पाडा आणि दोन सेन्सर वापरा: एक समोरचं वजा खालचं मोजेल, दुसरा वरचं वजा खालचं. पहिल्यातून दुसऱ्याचा निम्मा वजा केला की वेगाचा दाब मिळतो; दुसऱ्याला त्याने भागलं की उरतो फक्त कोन. एअरस्पीडच्या नळीला टी (तिहेरी जोड) जोडावी लागत नाही, हा यातला सगळ्यात मोठा फायदा. त्या नळीत गळती झाली तर नवीन यंत्रापायी जुनंही खोटं बोलायला लागेल.

सेन्सर निवडताना आकडेमोड करा. एमपीएक्सव्ही 7002 हा 2 किलोपास्कलपर्यंतचा, म्हणजे साधारण 110 नॉटला तो संपतो. ऑटो-झिरो न करता, म्हणजे शून्य जुळवून न घेता, त्याची चूक 6.25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, म्हणजे 250 पास्कल. आणि 50 नॉटला एकूण दाबच 400 पास्कलच्या आसपास. म्हणून सुरू करताना प्रोबवर टोपी ठेवून शून्य घ्यायचा, हे चेकलिस्टमध्ये लिहा. वेगवान विमानाला ड्रोनवाले वापरतात तो एमएस 4525 बरा, 1 पीएसआयवाला. जमिनीवर दाब शून्याजवळ असताना भागाकार बेफाम होतो, तेव्हा 25 नॉटखाली डिस्प्ले कोराच ठेवा.

नळीचे शत्रू दोन: पावसाचं पाणी आणि कुंभारीण माशी. नळीच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी साठायला कप्पा द्या, आणि विमान उभं असताना टोपी काढू नका. चार दिवसांत भोकात मातीचं घर तयार असतं.

फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) उतरवले की नाकाच्या कमी कोनातच स्टॉल होतो, हे डायलला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक रूपात फ्लॅपच्या दांड्याला मायक्रोस्विच लावून दोन वेगळ्या खुणा ठेवता येतात. डायलवर दोन रंगांच्या पट्ट्या.

मग काय घ्यावं? पुशर किंवा पुढे प्रोपेलर नसलेला मोटर-ग्लायडर असेल तर दोरा, आणि पैसे वाचवा. कोडचा कंटाळा असेल, विमान 100 नॉटच्या आतलं असेल, तर डायल. सोल्डरिंगची हौस असेल तर तीन भोकांचा प्रोब, आणि पडद्याऐवजी आवाज: कोन वाढेल तसा बीप जलद. एफ-4 फँटम या लढाऊ विमानात वैमानिकाला एओए कानात ऐकू येत असे. फायनलला डोळे बाहेर हवेत, आणि आपल्या उन्हात एलसीडी वाचताही येत नाही. पातं मी कायमचं लावणार नाही, पण चाचणीच्या उड्डाणांत तात्पुरत्या दांड्यावर लावून त्याच्याशी प्रोब ताडून घेईन.

ठरवायचं ते विमान तपासणीला जाण्याआधी. मुंबईच्या अमोल यादव यांच्या घरी बांधलेल्या विमानाची नोंदणी 2017 मध्ये झाली आणि पर्मिट टू फ्लाय, म्हणजे उड्डाणाची परवानगी, मिळालं 2019 मध्ये. अशा फायलीत मागाहून पंखाला भोक पाडल्याचा कागद घालायची वेळ आणू नका.