फ्रीहोल्ड: आठ महिने आणि ०.६५ चौरस मीटर

आमच्या घराखालची जमीन नजूलची, म्हणजे शहरातली सरकारी. आजोबांच्या नावचा तीस वर्षांचा पट्टा, मग नूतनीकरण, मग बाबांचं नाव, आता माझं. मध्य प्रदेशच्या २०२०च्या नजूल निर्देशांत फ्रीहोल्डची, म्हणजे पट्ट्याची जमीन शुल्क भरून मालकीची करून घ्यायची सोय आहे, म्हणून ऑगस्टमध्ये अर्ज टाकला. कागद कोणते लागतात ते इंदूरकरांना सांगायला नको. भू-भाटकाची, म्हणजे जमिनीच्या सरकारी भाड्याची थकबाकी साइबर ट्रेजरी या सरकारी ऑनलाइन खजिन्यावर रात्री अकराला भरली, पावती जागच्या जागी मिळाली. तेव्हा वाटलं, सरकार सुधारलं.

मग आला आकडा. पट्ट्यात जागा १५०० चौरस फूट. कलेक्टर गाइडलाइन, म्हणजे जमिनीचा सरकारी दर, चालते चौरस मीटरवर आणि शुल्क त्या हिशोबानं लागतं. १५०० फूट म्हणजे १३९.३५ मीटर. बाबूंनी फाइलीत लिहिलं १४०. विचारलं तर म्हणे, "राउंड फिगर है, अंकल."

०.६५ म्हणजे सात चौरस फूट. आमचा कूलर बसतो तेवढी जागा. शुल्कात फरक सव्वातीनशे रुपयांचा. बायको म्हणाली, "अहो, तेवढं पेट्रोल जाईल तुमचं." गेलंही. पण पावशेर शेव घेतानाही काट्यावर नजर ठेवणारा माणूस मी. शिवाय उद्या रजिस्ट्रीतही १४० उतरलं आणि जागेवर १३९.३५ भरलं, तर शेजाऱ्याशी भांडण कुणी करायचं? दिला लेखी अर्ज. रामबागेतले काका म्हणाले होते, "अरे, मार्चच्या आत फाइल बाहेर काढ, बाकी सोड." ऐकलं नाही.

डिसेंबरात नपतीला, म्हणजे मोजणीला पटवारी आला. पोरगाच होता. आता हा चहा पिऊन १४०च लिहिणार, असं मी धरूनच चाललो होतो. त्यानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं, तुळशीवृंदावनामागच्या कोपऱ्यात मला उकिडवं बसवलं आणि शेजाऱ्याच्या भिंतीचा गिलावा नखानं खरवडून पाहिला, मूळ वीट कुठे संपते ते. नकाशा मोटरसायकलच्या सीटवर काढला. आकडा १३९.३५. चहा मात्र घेतला नाही, पुढं दोन नपत्या होत्या म्हणे. पटवाऱ्यांबद्दल आजवर जे बोललो, त्यातलं निम्मं मागे घेतो.

निम्मंच, कारण पुढं फाइल टेबलावर तीन महिने झोपली. १८१वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर तक्रार केली. गंमत बघा, भू-राजस्व संहितेत सरकारी पट्टेदार कोण ते सांगणारं कलमही १८१च. सरकारची जमीन धरणारा, पण भूमिस्वामी म्हणजे मालक नसलेला, तो. तक्रार आधी एल-१ला, म्हणजे पहिल्या पायरीच्या अधिकाऱ्याकडे जाते, आणि माझा एल-१ त्याच दफ्तरात बसतो. फोन आला: "अंकल, हो जाएगा, शिकायत बंद करवा दो." नाही केली बंद.

१ एप्रिलला नवी गाइडलाइन लागली. मागणीपत्र निघालं ते नव्या दरानं. क्षेत्रफळ अगदी बरोबर, रक्कम साडेअकरा हजारांनी जास्त.

नपती करणाऱ्याला पाचपैकी पाच, दफ्तराला दीड. मला किती, ते बायकोनं सांगितलंय, इथे लिहीत नाही. परवा कूलर बाहेर काढला तर म्हणते, "जरा जपून ठेवा हो, महागाची जागा आहे."

चालान भरलं. त्यावर १३९.३५ आहे, दोनदा बघितलं.