डेंटिंगची जुनी अवजारं जमवायची: डॉली आधी की हातोडी?

जुन्या अमेरिकन डेंटिंग अवजारांवर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावरचे पोचे काढायच्या अवजारांवर, पहिले पैसे घालताना आम्ही दोनच गोष्टी बघायला सांगतो. घेताना फसण्याची शक्यता किती, आणि घरी आणलेली वस्तू पत्र्यावर अजून चालते का. दोन्ही बाबतीत डॉली सरस ठरते.

डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा घडीव पोलादाचा ठोकळा, साधारण एक ते दीड किलोचा. हील, टो, कॉमा, अंड्याच्या आकाराची एग आणि रुळाच्या तुकड्यासारखी दिसणारी रेल डॉली हे नेहमीचे प्रकार. दांडा नाही, सुटा भाग नाही, त्यामुळे मागाहून बदलण्यासारखं काही उरत नाही. तपासायचा तो फक्त पृष्ठभाग. पत्रा हातोडी आणि डॉलीच्या मध्ये चेपला जातो, तेव्हा डॉलीवरचा प्रत्येक चरा आणि गंजाचा खड्डा त्यावर उमटतो. नख अडकत नसेल इतपत खरखर 220, मग 400 आणि 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने निघते. खोल खड्डे असतील तर डॉली सोडून द्या. ते घालवायला घासत बसलात तर गोलाई बदलते, आणि डॉलीत मोल असतं ते गोलाईलाच. अँगल ग्राइंडर तर लावूच नका. पोलाद तापून निळं पडलं की त्या जागचा कडकपणा उतरतो.

हातोडी हातात घेतल्याबरोबर मोह पडतो, पण तिच्यात फसायच्या जागा जास्त. तोंड कुणी घासून सपाट केलेलं असतं. मूळ तोंडाला किंचित फुगीरपणा असतो. सरळ पट्टी आडवी धरून उजेडाकडे बघा, कडांपाशी फट दिसली पाहिजे. सपाट तोंडाची धारदार कड पत्र्यावर अर्धचंद्राच्या खुणा पाडते. छिन्नीवर ठोकून कडा छत्रीसारख्या पसरलेल्या असतील तर ती हातोडी वापरूच नये, तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. दांडा बदललेला असला तर संग्राहकासाठी किंमत उतरते. कामाला मात्र नवा, नीट पाचर मारलेला हिकरीच्या चिवट लाकडाचा दांडाच बरा.

नावांचाही घोळ आहे. क्लीव्हलंडची फेअरमाउंट ही कंपनी मुख्यतः गाडीच्या बॉडीच्या अवजारांसाठी शोधली जाते, तिथे गोंधळ कमी. लॉस एंजेलिसची प्लॉम मात्र फिलाडेल्फियाच्या प्लमशी गल्लत करायला लावते. पहिलीच्या इंग्रजी नावात ओ, दुसरीच्या यू. याच साम्यावरून खटला झाला आणि 1948 मध्ये पहिलीने प्रोटो हे नाव घेतलं. म्हणून प्लॉमचा छाप असलेली हातोडी साधारण त्याआधीची धरायला हरकत नाही.

टपालखर्चात मात्र डॉली मार खाते. वजनामुळे अमेरिकेतून एकेक मागवणं परवडत नाही. तीन-चार एकत्र मागवा.

गंज दोन्हींचा सारखाच काढायचा: प्लास्टिकच्या बादलीत चार लिटर पाणी, एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक अवजाराला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. स्टेनलेस स्टीलची पट्टी नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्यावर करा आणि चार्जर बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. हातोडीचा लाकडी दांडा बुडू देऊ नका.

चमचे, म्हणजे पत्रा दाबायच्या-उचलायच्या चपट्या पोलादी पट्ट्या (स्पून), तिसऱ्या फेरीत घ्या; वाकवून सरळ केलेले ओळखणं नवख्याला जमत नाही. बॉडीच्या वक्र दातांच्या कानशी बोथट झालेल्याच जास्त मिळतात. पत्र्यातल्या खोलगट जागी शिसं भरायची लाकडी पॅडल दिसायला सुंदर, पण त्या भरणात 70 टक्के शिसं आणि 30 टक्के कथील असे. पॅडलला ते चिकटलेलं असू शकतं. कोरडं घासू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.