स्वस्त एसटी-लिंक व्ही-२: घ्या, पण ३.३ व्होल्टची वायर सांभाळून

बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या दोन कारखान्यांसाठी मी भट्टीचे टेम्परेचर कंट्रोलर बनवते. बोर्डावर एसटीएम३२एफ१०३सी८ हा मायक्रोकंट्रोलर: ६४ केबी फ्लॅश, २० केबी रॅम. काम घरीच, दांडिया बाजारात, माळ्यावर. गेल्या महिन्यात जुना डीबगर (लॅपटॉपवरून चिपमध्ये प्रोग्राम टाकणारं आणि तो ओळीओळीने तपासू देणारं यूएसबी उपकरण) गेला म्हणून जवळच्या पार्ट्सच्या दुकानातून पेनड्राइव्हएवढा, ॲल्युमिनियमच्या खोळीतला एसटी-लिंक व्ही-२ आणला. अस्सल नाही, नक्कल, साडेतीनशे रुपये. दुकानदार म्हणाला, ‘बेन, न चाले तो पाछुं लावजो.’ म्हणजे, नाही चालला तर परत आणा.

दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी रिले (हीटर चालू-बंद करणारा विद्युत स्विच) चालू करणारी ओळ स्टेप केली, म्हणजे ती एकच ओळ चालवली, आणि लॅपटॉपवरचा डीबग सर्व्हर, म्हणजे डीबगरशी बोलणारा प्रोग्राम, धाडकन बंद पडला. पडद्यावर नुसतं ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला. पुन्हा केलं, पुन्हा त्याच ओळीवर.

त्या ओळीत चिपची एक पिन (जीपीआयओ) हाय करण्यापलीकडे काही नव्हतं. तरी अर्धा दिवस मी तिथेच घालवला. ऑप्टिमायझेशन काढलं, स्टॅक वाढवला, ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम थांबवायच्या खुणा, कमी केले (या चिपला हार्डवेअरचे सहाच मिळतात), सर्व्हरची जुनी आवृत्ती टाकली. शेवटी रिलेच बोर्डावरून काढला आणि तीच ओळ चालवली. काही झालं नाही! कोडवरचा संशय तिथे संपला.

मग डीबग सर्व्हरलाच जीडीबी या प्रोग्राम तपासायच्या साधनाखाली चालवलं. बॅकट्रेस (क्रॅशच्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांची यादी) थेट यूएसबी वाचणाऱ्या फंक्शनपाशी गेला. लिनक्सच्या कर्नल लॉगमध्ये त्याच सेकंदाला ‘यूएसबी डिस्कनेक्ट’, आणि लगेच तेच उपकरण नव्या नंबराने हजर. म्हणजे रिले ओढला की डीबगर क्षणभर नाहीसा व्हायचा, आणि सर्व्हर नसलेल्या उपकरणाकडून उत्तर मागत मरायचा. प्रोग्रामने असं मरू नये, हे माझं ठाम मत आहे. उपकरण गेलं एवढं तरी सांगावं. ओपनओसीडी हा दुसरा डीबग सर्व्हर लावला तर त्याने यूएसबीची चूक सरळ छापली. २००५ मध्ये डॉमिनिक राथ यांच्या पदविका प्रबंधातून सुरू झालेलं हे साधन आजही माझा पहिला आधार आहे. ‘-डी३’ देऊन सविस्तर लॉग काढला की निम्मं निदान तिथेच होतं.

डीबगर नाहीसा का व्हायचा, तर मी चार वायरी जोडत होते: ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ (डीबगचा डेटा), एसडब्ल्यूसीएलके (त्याचं क्लॉक) आणि ३.३ व्होल्ट. अस्सल एसटी-लिंक व्ही-२ वर ही चौथी जागा बोर्डाचं व्होल्टेज नुसतं मोजते. या नकलेत मात्र तिथून ३.३ व्होल्ट बाहेर येतात. माझ्या बोर्डाला स्वतःचा सप्लाय आहे, त्यामुळे दोन सप्लाय एकमेकांना जोडले गेले. रिले ओढताना बोर्डाचं व्होल्टेज बसायचं, सगळा भार डीबगरच्या इवल्याशा रेग्युलेटरवर यायचा आणि डीबगरमधली चिपच रीसेट व्हायची. चौथी वायर काढली. त्यानंतर रिले शेकडो वेळा वाजला, क्रॅश एकदाही नाही.

आणखी दोन गोष्टी. खोळीवर छापलेल्या पिनांच्या नावांवर विसंबू नका, खोळ सरकवून आतल्या बोर्डावरची नावं वाचा. या नकलांमध्ये पिनांचा क्रम बदलतो. आणि माझ्या नगावरची ‘आरएसटी’ ही रीसेटची पिन फक्त एसटीएम८ या दुसऱ्या चिपांसाठी आहे, एसटीएम३२ तिने रीसेट होत नाही.

बोर्डाला बाहेरून सप्लाय नसेल तर चौथी वायर खुशाल लावा, ब्रेडबोर्डवर शिकणाऱ्या मुलांना ती सोयीचीच आहे. तेवढ्यासाठी हा डीबगर मी नक्की सुचवेन. पण २३० व्होल्टचा हीटर जोडलेला असताना हा लॅपटॉपला लावायचा नाही, तिथे आयसोलेशन, म्हणजे बोर्ड आणि लॅपटॉप यांच्यात थेट विद्युत जोड नसणं, हवंच. अस्सल डीबगरचा एसटी-लिंक व्ही-२ आयसोल हा प्रकार १००० व्होल्टपर्यंत आयसोलेशन देतो. भट्टीजवळच्या कामासाठी मी तो मागवला आहे. साडेतीनशेवाला टेबलावर राहील, तीन वायरींवर.